गोड्या पाण्याची वसई

वसई हें नांव उच्चारलें कीं मराठी माणसाच्या मनांत तीन निरनिराळीं चित्रें उभीं राहतात. ज्याला इतिहासाची गोडी आहे त्याला चिमाजीअप्पांचा वेढा, सुरुंगांनीं ढासळलेला तट आणि १७३९ चा विजय आठवतो. मुंबईच्या गृहिणीला बाजारांतील केळीं, पालेभाजी, विड्याचीं पानें आणि मोगऱ्याच्या कळ्या आठवतात. आणि ज्याला पोटासाठीं रोज चर्चगेटची वाट धरावी लागते, त्याला विरारच्या गाडींतील ती गर्दी आठवते, कीं जींत नुसतें उभें राहावयास जागा मिळणें हेंही भाग्य समजलें जातें. किल्ला, बाग आणि आगगाडी हीं तिन्ही चित्रें एकाच भूमीचीं आहेत, हें मात्र सहसा ध्यानांत येत नाहीं. आज जें वसई-विरार शहर म्हणून ओळखलें जातें, त्याच्या हद्दींत २०११ च्या शिरगणतीप्रमाणें सुमारें १२ लक्ष २२ हजार माणसें राहत होतीं. एवढी वस्ती जेथें जमली ती जागा मूळची शेतकऱ्यांची, बागवानांची आणि कोळ्यांची. आणि बागेला व घराला तेथें धरून ठेवणारी वस्तु एकच होती, ती म्हणजे जमिनीखालचें गोडें पाणी. राजे बदलले, धर्म बदलले, बाजारही बदलले; परंतु जोंपर्यंत हें पाणी सांभाळलें गेलें, तोंपर्यंत वसई वसईच राहिली.

मुंबईहून उत्तरेकडे निघालेली गाडी भाईंदर सोडते, तेव्हां खाडीचा विस्तीर्ण पट्टा लागतो. ही वसईची खाडी म्हणजे उल्हास नदीची समुद्राकडे जाणारी उत्तरेकडील वाट. दोन पुलांच्या मध्यें पाणजूचें बेट, पलीकडे नायगांव, आजूबाजूस मिठागरें, आणि मग वसई रोड, नालासोपारा व विरार हीं स्थानकें येतात. रुळांच्या पूर्वेस तुंगारेश्वराची डोंगररांग, उत्तरेस वैतरणा नदी आणि पश्चिमेस अरबी समुद्र, अशी या प्रदेशाची चतुःसीमा आहे. पूर्वींच्या काळीं खाड्यांनीं हा पट्टा मुख्य भूमीपासून जवळजवळ तोडलेला होता. त्याला बेट म्हटलें तरी चालण्यासारखें होतें. चोहोंकडे खारें पाणी आणि मध्यें केळींच्या हिरव्या बागा, हें पाहून नवख्या प्रवाशाला आश्चर्य वाटावें असाच हा देखावा असे.

या आश्चर्याचें कारण मातींत आहे. समुद्राकांठची ही जमीन रेताड असून पावसाचें पाणी तिच्यांत झपाट्यानें मुरतें. खालीं सागराचें खारें पाणी असतेंच. पण गोडें पाणी खाऱ्यापेक्षां किंचित् हलकें असल्यामुळें तें त्यांत लगेच न मिसळतां त्याच्यावर तरंगत राहतें. भूजलशास्त्राचा एक ठोकळ नियम असा आहे कीं, अशा किनाऱ्यावर गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीहून १ फूट वर असेल, तर त्या सपाटीखालीं सुमारें ४० फुटांपर्यंत गोडें पाणी सांपडतें. या नियमाची दुसरी बाजू मात्र भयंकर आहे. वरची पातळी १ फुटानें उतरली, कीं खालचें खारें पाणी कालांतरानें ४० फूट वर चढूं पाहतें. म्हणजे हें पाणी वाहत्या नदीसारखें नव्हे. तें घरांतल्या ठेवीसारखें आहे. दरसालच्या पावसानें जेवढें व्याज जमतें तेवढेंच खर्चावें, मुदलाला हात लावूं नये, असा त्याचा धर्म आहे.

वसईच्या बागवानांनीं हा धर्म कोणत्याही ग्रंथांत वाचलेला नव्हता, परंतु त्यांनीं तो आचरणांत आणला होता. त्याचें साधन म्हणजे बावखल. बावखल म्हणजे बागेंत किंवा बागेच्या कडेला खणलेलें रुंद व उथळ तळें. पावसाळ्यांत आजूबाजूचें पाणी त्यांत उतरावें, तेथें थांबावें आणि हळूहळू जमिनींत मुरून भोंवतालच्या विहिरींना पोसावें, अशी ही योजना होती. विहिरीवर रहाट असे. बैल किंवा रेडा फिरे, लोट्यांची माळ पाणी वर आणी, आणि तें पाटानें केळीच्या आळ्यांत जाई. उन्हाळ्यांत बावखल आटलें म्हणजे त्यांतील गाळ उपसून झाडांच्या बुंध्याशीं टाकावयाचा. त्यानें झाडांना खत मिळे आणि तळें पुन्हां पाणी धरण्यास मोकळें होई. एकाच्या बावखलाचें पाणी शेजाऱ्याच्या विहिरीला लागे, म्हणून तें राखण्यांत शेजारधर्मही आला. ‘वाडी’ म्हणजे बागाईत, आणि ती करणारा तो ‘वाडवळ’. एका समाजाच्या नांवांतच या भागाचा हा मुख्य धंदा असा गुंफला गेला आहे.

या भूमीवर मोठें नगर पहिल्यानेंच वसलें आहे, असें मात्र नाहीं. विरारच्या अलीकडील नालासोपारा या स्थानकाचें नांव प्राचीन शूर्पारक नगराची आठवण ठेवून आहे. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथांत आणि टॉलेमीच्या भूगोलांत या बंदराचा उल्लेख आहे. बौद्ध कथांतील पूर्ण नांवाचा धनाढ्य व्यापारी येथलाच. १८८२ मध्यें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं सोपाऱ्याचा स्तूप उकरला आणि त्याच सालीं अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडाही तेथें उजेडांत आणला. राजानें मृगयेच्या सहली सोडून धर्मयात्रा आरंभिल्या, हा त्या लेखाचा विषय. पुढें १९५६ मध्यें जवळच्या भुईगांव येथें नवव्या शिलालेखाचाही भाग सांपडला. ज्या बंदरांत सम्राटाला आपली आज्ञा दगडावर कोरून ठेवावीशी वाटली, तें केवढ्या वर्दळीचें असेल याची कल्पना यावरून येते. पुढें खाडी गाळानें भरत गेली, मोठीं गलबतें येईनाशीं झालीं आणि व्यापार दुसरीकडे वळला. नगर लहान होत होत खेडें झालें. ज्यांचा निर्वाह बंदरावर होता ते गेले. ज्यांचा जमिनीवर होता ते राहिले. वसईच्या इतिहासांत हा प्रकार पुढेंही पुनःपुन्हां घडलेला दिसतो.

१५३४ मध्यें गुजराथचा सुलतान बहादुरशाह मोंगल बादशहा हुमायूनच्या भीतीनें अडचणींत सांपडला, आणि त्यानें वसई व तिच्याखालील मुलूख पोर्तुगीजांच्या स्वाधीन केला. मुंबईचीं बेटें त्याच मुलुखांत होतीं, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. कारण त्या काळीं मुंबई ही वसईचें एक उपनगर होती, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं. पुढें २०५ वर्षें वसई हें पोर्तुगीजांच्या उत्तरेकडील प्रदेशाचें मुख्य ठाणें होतें. खाडीच्या मुखाशीं त्यांनीं दगडी तटबंदीचें शहर उभारलें. त्यांत चर्चें, मठ, इस्पितळ आणि सरदारांचे वाडे होते. तटाबाहेरचीं गांवें या सरदारांना खंडानें लावून दिलेलीं असत. त्यांचें ऐश्वर्य भात, ऊंस आणि केळी यांवर पोसलें गेलें, आणि तें पिकविणारे हात येथल्याच कुणब्यांचे व बागवानांचे होते.

याच राजवटींत वसईच्या समाजाचें रूप पालटलें. कांहीं मिशनऱ्यांच्या उपदेशानें, कांहीं लोभानें, तर कांहीं सक्तीनें, अशा तिन्ही मार्गांनीं येथले अनेक लोक ख्रिस्ती झाले. देवळें पडलीं व त्यांच्या जागीं क्रूस उभे राहिले, ही कटु गोष्टही इतिहासानें नोंदून ठेवली आहे. तथापि ज्यानें धर्म बदलला त्यानें नांगर टाकला नाहीं, रहाट सोडला नाहीं आणि आपली बोलीही सोडली नाहीं. सामवेदी ब्राह्मणांतून ख्रिस्ती झालेल्यांना पुढें ‘कुपारी’ म्हणूं लागले. धर्मपित्याचें नातें दाखविणाऱ्या पोर्तुगीज शब्दावरून हें नांव आलें, असें सांगतात. त्यांची कादोडी बोली आणि सामवेदी ब्राह्मणांची बोली यांतील साम्य पाहिलें म्हणजे, चार शतकांपूर्वींचें एकच घर अजून दोन अंगणांत बोलत आहे, असा भास होतो. याच वसईंत जन्मलेला गोन्सालो गार्सिया हा फ्रान्सिस्कन पंथाचा साधु १५९७ मध्यें जपानांतील नागासाकी येथें क्रुसावर मारला गेला आणि १८६२ मध्यें त्याला संतपद मिळालें.

मराठ्यांनीं १७३७ मध्यें ठाणें व साष्टी घेतली आणि १७३९ च्या आरंभीं चिमाजीअप्पांनीं वसईला वेढा दिला. दलदल, खाडी आणि तोफा यांना तोंड देत, सुरुंगामागून सुरुंग उडवीत, हजारों माणसें खर्ची घालून मे महिन्यांत किल्ला हस्तगत झाला. शरण आलेल्या पोर्तुगीजांना चीजवस्तूंसह जाऊं देण्यांत आलें, हें त्या विजयाचें भूषण होय. चर्चांच्या घंटा देशावर गेल्या. नाशिकचें नारोशंकराचें देऊळ, भीमाशंकर, वाईजवळील मेणवली अशा ठिकाणीं त्या टांगल्या गेल्या. सत्ताधीश गेले; परंतु ख्रिस्ती शेतकरी येथलाच होता, तो येथेंच राहिला व त्याची उपासनाही चालू राहिली. निर्मळच्या तळ्याकांठचें शंकराचार्यांचें स्थान पुन्हां गजबजूं लागलें, आणि त्याच निर्मळच्या परिसरांत चर्चचीही घंटा वाजत राहिली. वसईचा मुलूख हिरवा राहणें पेशव्यांच्या सुभेदारांनाही हवें होतें, कारण सुभ्याचा वसूल त्यावर अवलंबून होता. पुढें ३१ डिसेंबर १८०२ रोजीं दुसऱ्या बाजीरावानें इंग्रजांशीं जो तह केला, तो येथेंच. ज्या गांवानें मराठी पराक्रमाचा कळस पाहिला, त्याच गांवानें मराठी स्वातंत्र्याचा विक्रयही पाहिला. त्यानंतर १५ वर्षांच्या आंत हा सारा प्रांत इंग्रजांकडे गेला.

इंग्रजांना ओस पडलेल्या किल्ल्याचा उपयोग नव्हता. एकोणिसाव्या शतकांत त्याच्या आवारांत साखरेचा कारखाना काढण्याचा एक प्रयत्न झाला, पण तो टिकला नाहीं. खरी क्रांति केली ती आगगाडीनें. १८६४ मध्यें मुंबई-बडोदा रेल्वेचा मार्ग मुंबईस येऊन मिळाला आणि १२ एप्रिल १८६७ पासून विरार ते बॅकबे अशी रोजची गाडी सुरू झाली. ज्या मुंबईवर एके काळीं वसईचा अंमल चाले, तिच्या स्वयंपाकघराची आतां वसई ही परसबाग झाली. पहांटेच्या गाडीनें भाजीच्या पाट्या, दुधाच्या कासंड्या, फुलांच्या करंड्या आणि पानांच्या टोपल्या दक्षिणेकडे जात. केळींच्या जातींचीं नुसतीं नांवें घेतलीं तरी बागेंतून फेरफटका केल्यासारखें वाटतें : बसराई, राजेळी, मुठेळी, तांबडी, सोनकेळी, करंजेळी. यांपैकीं राजेळीचा मान निराळाच. पिकलेलें राजेळी केळें सोलून उन्हांत वाळवावें आणि केळीच्याच सुक्या पानांत बांधावें, म्हणजे सुकेळें तयार होतें. आगाशीच्या सुकेळ्यांची ख्याति फार जुनी आहे. गॅझेटियरकार इंग्रजांनींही त्यांची नोंद घेतली. १९३६ मध्यें विरारपर्यंत विजेची गाडी आली, तेव्हां हें अंतर आणखी कमी झालें. पण तोंवर गाडीनें वसईचा माल मुंबईस नेला, मुंबईची वस्ती वसईस आणली नव्हती.

त्या काळची वसई ही जातींची आणि धर्मांची एक लहानशी परिषदच होती. वाडवळ व सामवेदी बागाईत करीत. हिंदूंप्रमाणें ख्रिस्तीही तींच केळीं, तींच पानें पिकवीत. कोळी हिंदु असो कीं ख्रिस्ती, होडी एकाच समुद्रांत घाली. भंडाऱ्यांकडे माड, आगऱ्यांकडे भात आणि मिठागरें. सोपाऱ्यास जुनी मुसलमान वस्ती, बाजारांत गुजराथी व जैन व्यापारी, आणि डोंगराच्या बाजूस वारली, मल्हार कोळी, कातकरी. कार्तिक वद्य एकादशीला निर्मळची जत्रा भरली कीं या साऱ्यांची गांठ पडे. देवदर्शनाला येणारा हिंदु आणि सुकेळीं विकणारा ख्रिस्ती बागवान हे त्या जत्रेंत एकमेकांस परके नसत. हें ऐक्य कोणीं व्याख्यानें देऊन निर्माण केलें नव्हतें. एकाच पाण्यावर ज्यांच्या बागा आहेत त्यांना भांडण फार काळ परवडत नाहीं, या साध्या व्यवहारांतून तें आलें होतें.

स्वातंत्र्यानंतर मुंबई वाढली आणि तिला जागा पुरेना. विशेषतः जानेवारी १९८२ मध्यें सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरणगांवाची घडी विस्कटली. चाळींतील खोली विकून जें हातीं येईल त्यांत मालकीचें घर मिळावें, अशा हेतूनें शेंकडों मराठी कुटुंबें नालासोपारा व विरार येथें आलीं. त्यांच्यामागून उत्तर हिंदुस्थानांतील कारागीर व मजूर, गुजराथी दुकानदार, दक्षिणेकडील नोकरदार असे अनेक आले. यांपैकीं कोणीही वसईचें वाईट करण्याच्या हेतूनें आलेला नव्हता. प्रत्येकाला डोक्यावर छप्पर हवें होतें आणि तें त्याच्या ऐपतींत येथेंच मिळत होतें. उपनगराचा हा इतिहास सांगतांना त्यांच्या बाजूची ही गरजही न्यायबुद्धीनें सांगितली पाहिजे.

१९८८ च्या सुमारास सरकारनें वसईची शेतजमीन मोठ्या प्रमाणावर घरबांधणीसाठीं मोकळी करण्याचें ठरविलें आणि १९९० मध्यें नियोजनाचें काम सिडकोकडे सोंपविलें. तेव्हां गांवें खडबडून जागीं झालीं. हरित वसई संरक्षण समितीच्या झेंड्याखालीं हिंदु आणि ख्रिस्ती, बागवान आणि शिक्षक, स्त्रिया आणि पुरुष एकत्र आले. त्यांचे एक पुढारी फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे नंदाखालजवळ जन्मलेले, कॅथलिक धर्मगुरु, ‘सुवार्ता’ मासिकाचे अनेक वर्षांचे संपादक आणि अस्सल मराठी लेखक. २०२० च्या जानेवारींत उस्मानाबाद येथें भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले; २५ जुलै २०२४ रोजीं त्यांचें निधन झालें. त्यांच्या चळवळीनें बांधकामाचा पूर थांबला असें म्हणतां येणार नाहीं. परंतु पश्चिमेकडील पुष्कळशीं गांवें आज हिरवीं दिसतात, त्याचें श्रेय बऱ्याच अंशीं तिच्याकडे जातें. जमिनीचा प्रश्न हा मुळांत पाण्याचा प्रश्न आहे, हें तिनें लोकांना दाखवून दिलें, ही तिची मोठी कामगिरी होय.

कारण इमारती आधीं उठल्या आणि नळ मागाहून आले. मधल्या वर्षांत पाणी आणलें तें टँकरांनीं, आणि टँकर भरले ते गांवांतल्या विहिरींवर. जेथें रहाट दिवसाकाठीं मोजकें पाणी उपसत असे, तेथें विजेचे पंप अहोरात्र चालूं लागले. व्याज संपलें व मुदल खर्ची पडूं लागलें. अनेक विहिरींचें पाणी मचूळ झालें; केळीच्या पानांच्या कडा करपूं लागल्या. दुसरीकडे नवीं घरें बांधण्यासाठीं बावखलें बुजविलीं गेलीं, कारण ज्याला त्यांचा उपयोग ठाऊक नाहीं त्याच्या दृष्टीला तीं डांसांचीं डबकीं आणि रिकामी जागा एवढींच दिसतात. पाणी मुरण्याची वाटच अशा रीतीनें बंद झाली. जुलै २०१८ च्या मुसळधार पावसांत याचा जाब मिळाला. वसई, नालासोपारा येथें रस्ते आणि घरांचे तळमजले दिवसचे दिवस पाण्याखालीं राहिले, रेल्वेची वाहतूक बंद पडली आणि मिठागरांतील वस्तीला पाण्यानें वेढलें. ज्या शहराला मे महिन्यांत पिण्यास पाणी पुरत नाहीं, तेंच जुलैंत पाण्यांत बुडतें, हा दैवाचा खेळ नव्हे. जें पाणी पूर्वीं बावखलांत थांबून जमिनींत उतरे, तेंच आतां रस्त्यावर तुंबून राहतें.

पुढें सूर्या नदीच्या धरणाचें पाणी नळांनीं शहरास आलें आणि टंचाईची धार कमी झाली. परंतु या पाण्यालाही धनी आहेत. सूर्या प्रकल्प मुळांत डहाणू-पालघरकडील शेतीसाठीं, तेथल्या आदिवासी शेतकऱ्यांच्या नांवानें उभारलेला. त्या धरणाचें पाणी वसई-विरार आणि मीरा-भाईंदर या शहरांकडे वळविलें जात असल्याची तक्रार तेथले लोक सतत करीत आले आहेत. म्हणजे जो अनुभव वसईच्या बागवानाला आला, तोच त्याच्याहून गरीब अशा वारल्याच्या वांट्यास आला. शहर आपल्या पायांखालचें पाणी गमावतें, तेव्हां त्याची किंमत दूरच्या शेताला मोजावी लागते, हा हिशेब वसईच्या इतिहासांत फार स्पष्टपणें वाचतां येतो.

३ जुलै २००९ रोजीं वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका व भोंवतालचीं ५३ गांवें मिळून महानगरपालिका स्थापन झाली. यांपैकीं कित्येक गांवांना ती नको होती. २९ गांवें वगळावीं या मागणीसाठीं मोठें आंदोलन झालें आणि तो वाद दीर्घकाळ न्यायालयांत राहिला. शहरवासीयांना हा हट्ट वाटला. गांवकऱ्यांच्या दृष्टीनें तो आपली बाग आणि विहीर आपल्या हातीं ठेवण्याचा प्रश्न होता. १ ऑगस्ट २०१४ पासून हा सारा भाग ठाण्यापासून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यांत आला.

आतां वसईला पुन्हां निव्वळ बागांचा मुलूख करणें शक्य नाहीं, आणि लाखों माणसांचीं घरें तेथें असतां तशी इच्छा धरणें रास्तही नाहीं. शूर्पारकाचे व्यापारी गेले, पोर्तुगीज गेले, पेशव्यांचे सुभेदार गेले; या वेळचे आगंतुक मात्र जाण्यासाठीं आलेले नाहींत. त्यांचीं मुलें येथेंच जन्मलीं आणि वसई हेंच त्यांचें गांव आहे. म्हणून बागवानाचें जुनें शहाणपण आतां त्यांनाही शिकावें लागेल. अलीकडच्या वर्षांत गांवांतील तरुणांनीं कांहीं बावखलें गाळ काढून पुन्हां मोकळीं केलीं आहेत. ज्या इमारतीच्या गच्चीवर पाऊस पडतो, तिनें तो गटारांत न सोडतां आपल्याच आवारांत मुरविला, तर तें बावखलाचेंच काम होईल. आणि त्यासाठीं कोणाची जात, भाषा किंवा धर्म आड येण्याचें कारण नाहीं. निर्मळच्या जत्रेंत सुकेळीं अजून मिळतात. तीं मिळत राहणें किंवा न राहणें हें आतां पश्चिमेकडील वाडीवाल्याइतकेंच पूर्वेकडील चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या कुटुंबाच्याही हातीं आहे.